मोटरच्या पट्टीचं स्केच: फ्रीकॅडमध्ये रेषा ओढायच्या आणि बांधायच्या कशा

सोलापुरात पूर्व भागातल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यात मागाचा एखादा भाग मोडला, की मोडका तुकडाच वर्कशॉपमध्ये जातो. सोबत निरोप एकच: "असाच एक करून द्या." कारागीर तुकडा समोर ठेवतो, व्हर्निअर लावतो, सेंटर पंच मारतो आणि नवा भाग करून देतो. हे आजही उत्तम चालतं. पण तोच तुकडा लेझर कटिंगवाल्याकडे नेलात तर तो आधी विचारतो, "डीएक्सएफ आहे का?" म्हणजे कापायच्या आकाराच्या रेषांची फाईल. ती स्वतः कशी करायची, आणि पुढच्या वेळी माप बदललं तर पुन्हा पहिल्यापासून चित्र काढावं लागू नये म्हणून काय करायचं, ते इथे सांगतो. आयटीआय किंवा डिप्लोमाला असाल, किंवा कारखान्यात राहून कॅड शिकायचं मनात असेल, तर हे तुमच्यासाठी.

उदाहरण म्हणून मोटरखालची सरकती पट्टी घेऊ. मोटर या पट्टीला चार बोल्टांनी बसते. पट्टी स्वतः फ्रेमवर दोन लांबट गाळ्यांतून, म्हणजे स्लॉटमधून, आवळलेली असते. पट्टा सैल झाला की बोल्ट ढिले करून पट्टी मागे ओढायची आणि परत आवळायचे. दिसायला साधी वस्तू आहे, पण स्केच शिकायला लागणारं जवळपास सगळं तिच्यात येतं.

सॉफ्टवेअर फ्रीकॅड घेतलंय. ते फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती आल्यापासून नवशिक्याला हातात द्यायला मला संकोच वाटत नाही. तुमच्या क्लासमध्ये सॉलिडवर्क्स किंवा फ्यूजन असेल तरी बिघडत नाही. बटणांची जागा आणि रंग वेगळे, विचार तोच. किंबहुना हा विचार कॉम्प्युटरवरच्या चित्रकलेइतकाच जुना आहे. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत स्केचपॅड नावाचा प्रोग्राम केला. त्यात प्रकाशाच्या लेखणीने स्क्रीनवर हव्या तशा रेषा ओढायच्या आणि मग "या दोन समांतर कर" असं यंत्राला सांगायचं, ही सोय होती.

ज्यांनी आधी ऑटोकॅड शिकलंय त्यांना सुरुवातीला सगळ्यात जास्त त्रास होतो. त्यांचा हात पहिल्या रेषेपासूनच अचूक माप टाइप करायला जातो. इथे तो हात आवरायचा. आकार अंदाजाने काढायचा, मग त्याच्या भागांची एकमेकांशी नाती सांगायची, आणि आकडे सगळ्यात शेवटी टाकायचे. या नात्यांना कन्स्ट्रेंट म्हणतात: ही रेषा आडवी, हे दोन टोक एकच, ही दोन वर्तुळं सारखी, हे बिंदू मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर.

कॉम्प्युटर चालू करायच्या आधी

जुनी पट्टी पुसून घ्या आणि कागदावर हाताने तिचं कच्चं चित्र काढा. त्यावर मापं लिहा. दोन होलांच्या सेंटरमधलं अंतर व्हर्निअरने थेट घेता येत नाही, आणि नजरेने सेंटर धरून घेतलेलं माप हमखास चुकतं. त्याऐवजी दोन मापं घ्या. एक, दोन्ही होलांच्या जवळच्या कडांमधलं. दुसरं, लांबच्या कडांमधलं. बेरीज करून निम्मं केलं की सेंटर ते सेंटर अंतर मिळतं. समजा आतलं माप ११४.६ आणि बाहेरचं १३५.४ आलं. बेरीज २५०, निम्मं १२५. होल झिजून थोडी मोठी झाली असली, किंवा दोन होलांचे व्यास वेगळे असले, तरी ही युक्ती चालते.

हा १२५ आकडा योगायोगाने आलेला नाही. मोटरच्या पायांची मापं आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार ठरलेली असतात. मोटरच्या नेमप्लेटवर फ्रेम ८० लिहिलं असेल तर पायांच्या होलांचं अंतर शाफ्टला आडवं १२५ मिलिमीटर, शाफ्टच्या दिशेने १०० मिलिमीटर, आणि पायातलं होल १० मिलिमीटर. त्यामुळे व्हर्निअरवर १२५.२ आलं तर ते झिजेचं माप समजा आणि ड्रॉइंगमध्ये १२५ घ्या. झिजलेल्या तुकड्याची झीज नव्या तुकड्यात उतरवण्यात काही अर्थ नाही.

आपल्या पट्टीची मापं अशी धरू: लांबी १८०, उंची २००, जाडी ८. मोटरची चार होल १२५ गुणिले १०० वर, व्यास १०. वर आणि खाली एकेक आडवा स्लॉट, दोन्ही स्लॉटमधलं अंतर १६०. एम१० बोल्ट मोकळा सरकायला स्लॉटची रुंदी ११, आणि स्लॉटच्या दोन टोकांच्या सेंटरमधलं अंतर ४०. कोपरे १० त्रिज्येचे.

चौकोन, आणि मोकळीक मोजायची सवय

फ्रीकॅड उघडून नवी फाईल घ्या. वर्कबेंच पार्ट डिझाइन निवडा, बॉडी तयार करा, स्केच सुरू करा, आणि प्रतल विचारलं की एक्सवाय निवडा. समोर दोन अक्ष दिसतील. ते जिथे छेदतात तो आरंभबिंदू. आपली पट्टी दोन्ही दिशांनी सममित आहे, म्हणून तिचा मध्य या बिंदूवरच बसवायचा. पुढे याचा फार फायदा होतो.

चौकोनाचं टूल घेऊन दोन कोपरे क्लिक करा. मुद्दाम आरंभबिंदूपासून थोडा बाजूला आणि वाटेल त्या आकाराचा काढा. एस्केप एकदा दाबून टूल सोडा. एकदाच, कारण टूल हातात नसताना एस्केप दाबलं तर आख्खं स्केचच बंद होऊ शकतं आणि नवा माणूस "माझं चित्र कुठं गेलं बे" करत बसतो. गेलेलं नसतं. डावीकडच्या यादीत स्केचच्या नावावर डबल क्लिक केलं की परत उघडतं.

आता बाजूच्या पॅनेलमध्ये सॉल्व्हरचा, म्हणजे कन्स्ट्रेंटचा हिशेब करणाऱ्या भागाचा, संदेश वाचा. तिथे अंडर कन्स्ट्रेन्ड आणि पुढे ४ डीओएफ असं दिसेल. डीओएफ म्हणजे चित्रात अजून किती मोकळीक उरली आहे. हा आकडा कुठून येतो ते एकदा समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं.

सुट्या रेषेला दोन टोकं. प्रत्येक टोक आडवं आणि उभं सरकू शकतं, म्हणून एका रेषेची मोकळीक ४. चार रेषांची १६. चौकोनाच्या टूलने चार कोपऱ्यांत टोकं जोडली, प्रत्येक जोडणीने २ कमी झाले, म्हणजे ८ गेले. मग दोन रेषा आडव्या आणि दोन उभ्या केल्या, त्यात आणखी ४ गेले. उरले ४: चौकोन आडवा सरकू शकतो, उभा सरकू शकतो, रुंद होऊ शकतो, उंच होऊ शकतो. एखादा कोपरा माउसने धरून ओढून पाहा, हेच होईल. चौकोन तिरका मात्र होणार नाही. चार लाकडी पट्ट्या चार कोपऱ्यांत एकेका खिळ्याने ठोकल्या तर चौकट लचकते, आडवी-उभी बांधल्यावर लचकत नाही, तसंच.

वर्तुळाची मोकळीक ३: सेंटरचे दोन आणि त्रिज्येचा एक. कमानीची, म्हणजे आर्कची, ५: वर्तुळाचे तीन, शिवाय सुरुवात कुठे आणि शेवट कुठे. एवढे तीन आकडे, ४, ३ आणि ५, लक्षात ठेवले तर कुठल्याही स्केचचा हिशेब तोंडी करता येतो.

आता चौकोन मध्यावर आणा. खालचा डावा कोपरा क्लिक करा, वरचा उजवा कोपरा क्लिक करा, शेवटी आरंभबिंदू क्लिक करा, आणि एस दाबा. हा सममितीचा कन्स्ट्रेंट. निवडीचा क्रम महत्त्वाचा आहे, मधला बिंदू शेवटी. चौकोन टुणकन मध्यावर येईल आणि मोकळीक २ होईल. उरलेले दोन म्हणजे लांबी आणि उंची. डायमेन्शन टूलने आडव्या रेषेला १८०, उभ्या रेषेला २०० द्या. मोकळीक शून्य, आणि चित्राचा रंग हिरवा. सॉलिडवर्क्समध्ये अपुरं स्केच निळं आणि पूर्ण झालेलं काळं दिसतं, फ्रीकॅडमध्ये पांढऱ्याचं हिरवं होतं.

इथे नवशिक्याच्या मनात येतं की कोपऱ्याला डावीकडून अमुक आणि खालून तमुक अंतर दिलं असतं तरी हिरवंच झालं असतं. झालं असतं. पण उद्या लांबी १८० ची २२० केली तर पट्टी फक्त उजवीकडे वाढली असती आणि होल मध्यावरून हटली असती. सममितीने बांधलेली पट्टी दोन्हीकडे सारखी वाढते. मोटर मध्यावर बसली पाहिजे ही कामाची गरज आहे, आणि ती गरज आकड्यांत न लिहिता नात्यात लिहायची.

चार होल: एकाचंही अंतर कडेपासून द्यायचं नाही

होल काढताना बहुतेक जण प्रत्येक होलाला दोन कडांपासून दोन अंतरं देतात. चार होलांची आठ अंतरं, वर चार व्यास. बारा आकडे, आणि त्यातला एक चुकला तर शोधत बसा. त्यापेक्षा मोटरच्या पायांचा चौकोनच स्केचमध्ये आणा.

आतल्या बाजूला आणखी एक चौकोन काढा. त्याच्या चारही रेषा निवडून कन्स्ट्रक्शनचं बटण दाबा. रेषा निळ्या होतील. या मदतीच्या रेषा. स्केचमध्ये त्या दिसतात, त्यांना कन्स्ट्रेंट लावता येतात, पण त्या कापल्या जात नाहीत आणि पॅडमध्येही, म्हणजे स्केचला जाडी देऊन केलेल्या भागातही, येत नाहीत. या चौकोनालाही तोच उपचार: समोरासमोरचे दोन कोपरे, आरंभबिंदू, एस. मग १२५ आणि १००. मोकळीक पुन्हा शून्य.

आता या निळ्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर वर्तुळं काढा. कर्सर कोपऱ्यावर नेला की शेजारी जोडणीचं छोटं चिन्ह दिसतं. ते दिसल्यावरच क्लिक करा. म्हणजे वर्तुळाचं सेंटर कोपऱ्याला आपोआप चिकटतं. चिन्ह न दिसता क्लिक झालं तर सेंटर कोपऱ्यावर असल्यासारखं फक्त दिसतं, असत नाही. ही गोष्ट डोळ्यांनी कळत नाही. मोकळीक मोजली की कळते: प्रत्येक वर्तुळाचा एकच डीओएफ, त्रिज्येचा, उरायला हवा. चार वर्तुळांचे मिळून ४. पाच-सहा दिसले तर एखादं सेंटर सुटलंय. सॉल्व्हरच्या त्या संदेशातल्या डीओएफवर क्लिक केलं तर अजून मोकळे असलेले भाग निवडून दाखवतो. फार उपयोगी आहे आणि अनेकांना माहीत नसतं.

चारही वर्तुळं निवडून ई दाबा. सारखेपणाचा कन्स्ट्रेंट. तीन नाती लागली, मोकळीक १. कुठल्याही एका वर्तुळाला व्यास १० द्या. चार होलांसाठी एकूण आकडे तीन.

स्लॉट: जिथे प्रोग्राम तक्रार करतो

स्लॉटचं टूल घ्या, वरच्या भागात एक आणि खालच्या भागात एक असे दोन आडवे स्लॉट काढा. आधी हिशेब करू. स्लॉटमध्ये दोन आर्क आणि दोन रेषा, म्हणजे ५ अधिक ५ अधिक ४ अधिक ४, एकूण १८. चार ठिकाणी आर्क आणि रेषा टोकाला टोक लावून स्पर्शिकेत जुळतात. प्रत्येक जुळणीत टोक एक झाल्याचे २ आणि दिशा एक झाल्याचा १, असे ३ जातात. चार जुळण्यांचे १२. दोन्ही आर्क सारखे केल्याचा आणखी १. उरले ५: दोन सेंटरचे चार आणि त्रिज्येचा एक. शिवाय तुम्ही स्लॉट साधारण आडवा ओढला असेल तर प्रोग्राम स्वतःहून आडवेपणाचा कन्स्ट्रेंटही लावतो, म्हणजे ४.

आता वरचा स्लॉट मध्यरेषेवर आणायचा आहे. त्याची दोन सेंटरं निवडा, उभा अक्ष निवडा, एस दाबा. आणि इथे सॉल्व्हर कुरकुरतो: रिडंडंट कन्स्ट्रेंट. नवा माणूस घाबरून अनडू करतो. घाबरू नका, तक्रार काय आहे ती समजून घ्या.

दोन बिंदू एखाद्या रेषेभोवती सममित आहेत असं म्हणताना आपण दोन गोष्टी सांगतो. एक, त्यांचा मध्य त्या रेषेवर आहे. दोन, त्यांना जोडणारी रेघ त्या अक्षाला काटकोनात आहे. अक्ष उभा, म्हणजे ती रेघ आडवी. पण स्लॉट आडवा आहे हे आधीच सांगून झालंय. तीच गोष्ट दोनदा सांगितली म्हणून तक्रार. उपाय: स्लॉटच्या रेषेवरचं आडवेपणाचं चिन्ह निवडून डिलीट करा आणि सममिती ठेवा. सममितीतून आडवेपणा आपोआप येतो, आडवेपणातून सममिती येत नाही. दोन नात्यांपैकी जे जास्त सांगतं ते ठेवायचं.

रिडंडंट आणि कॉन्फ्लिक्टिंग यांत फरक आहे. रिडंडंट म्हणजे खरी गोष्ट दोनदा. कॉन्फ्लिक्टिंग म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असूच शकत नाहीत, जसं एकाच रेषेला १०० आणि १२० दोन्ही. दोन्ही वेळा चूक शेवटी लावलेल्या कन्स्ट्रेंटमध्येच असते असं नाही. अनेकदा शेवटचा बरोबर असतो आणि आधी प्रोग्रामने आपोआप लावलेला एखादा आडवा येतो. म्हणून संदेशातल्या आकड्यावर क्लिक करून कोण कोण गुंतलंय ते पाहा, मग ठरवा. दोन्ही तक्रारी घेऊन तसंच पुढे जाणं मात्र वाईट. एक तक्रार तशीच ठेवली की पुढच्या कुठल्याच बदलावर विश्वास ठेवता येत नाही.

खालच्या स्लॉटचंही असंच करा: आडवेपणा काढा, उभ्या अक्षाभोवती सममिती लावा. आता दोन्ही स्लॉटची मोकळीक प्रत्येकी ३, एकूण ६. वरच्या स्लॉटचा एक आर्क आणि खालच्याचा एक आर्क निवडून ई. उरले ५. आता वरच्या स्लॉटचं उजवं सेंटर, खालच्याचं उजवं सेंटर, आणि आडवा अक्ष निवडून एस. उरले ३.

इथे मोह होतो की दोन्ही स्लॉटच्या रेषाही सारख्या लांबीच्या कराव्यात. करून पाहा, लगेच रिडंडंट येईल. उजवी सेंटरं एकमेकांखाली आली, डावी सेंटरं उजव्यांची प्रतिबिंबं आहेत, मग लांबी सारखी असणारच.

उरलेल्या तीन मोकळिकींना तीन आकडे: स्लॉटच्या दोन सेंटरमधलं अंतर ४०, आर्कची त्रिज्या ५.५, आणि वरच्या-खालच्या सेंटरमधलं अंतर १६०. सगळं हिरवं.

कोपरे

कोपऱ्यांची गोलाई शेवटीच. भाग फक्त त्रिमितीत पाहायचा असता तर मी स्केचमध्ये गोलाई काढलीच नसती, पॅड केल्यानंतर कडांना फिलेट दिली असती. पण लेझरला स्केचमधूनच फाईल जाणार आहे, म्हणून इथेच हवी.

फिलेट टूल घेतल्यावर पॅनेलमध्ये कोपरा जपण्याचा पर्याय दिसतो. तो चालू ठेवा. नाहीतर कोपऱ्याचा बिंदू नाहीसा होतो आणि त्याच्यावर लावलेली सममितीही सोबत जाते. चारही कोपऱ्यांवर क्लिक करा, चार आर्क निवडून ई, एकाला त्रिज्या १०. ट्रिम टूल वापरताना हीच काळजी घ्या: रेष कापली की तिच्या टोकाला बांधलेली नातीही तुटतात. कापल्यावर मोकळीक परत वाचायची.

हिरवं म्हणजे बरोबर असं नाही

हिरव्या रंगाचा अर्थ इतकाच की चित्रात काही मोकळं उरलं नाही. चुकीच्या पद्धतीनेही हिरवं करता येतं. ब्लॉक नावाचा एक कन्स्ट्रेंट आहे, तो रेषेला आहे तिथे खिळवून टाकतो. तो सगळ्यांवर लावला की स्केच दोन मिनिटांत हिरवंगार आणि पूर्ण निकामी. बाहेरून आणलेल्या गुंतागुंतीच्या वक्रांसाठी ब्लॉक ठीक आहे, बाकी वेळी मला ती पळवाट वाटते.

खरी परीक्षा म्हणजे एखादा आकडा बदलून पाहणं. समजा कारखान्यात मोटर बदलली आणि फ्रेम ८० ऐवजी ९०एस आली. तिच्या पायांचं आडवं अंतर १४०, शाफ्टच्या दिशेचं १००, होल तेच १०. निळ्या चौकोनाच्या १२५ वर डबल क्लिक करून १४० टाका. चारही होल दोन्ही बाजूंना सारखी सरकायला हवीत, स्लॉट आणि कडा जागच्या जागी. तसं झालं तर स्केच कामाचं. होलाच्या सेंटरपासून कडेपर्यंत अजून २० मिलिमीटर उरतात, म्हणजे पट्टीची लांबी वाढवायची गरज नाही. शाफ्टची उंची मात्र ८० ची ९० होते, ते पुलीच्या वेळी बघावं लागेल. पाहून झालं की अनडू.

दुसरी परीक्षा उलटी. स्लॉटचं १६० करा २००. स्लॉट पट्टीच्या कडेवर जाऊन बसतो आणि प्रोग्राम काहीच बोलत नाही. कन्स्ट्रेंटला भूमिती कळते, लोखंड कळत नाही.

त्याच स्लॉटमधून लिव्हर

एक छोटा सराव, कारण यातून स्पर्शिकेचं गणित पक्कं होतं. मागावर आणि इतरही यंत्रांवर एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक असा लिव्हर सगळीकडे दिसतो. नवं स्केच घ्या, स्लॉट काढा, आणि त्यातले दोन कन्स्ट्रेंट काढून टाका: दोन्ही आर्कचा सारखेपणा आणि रेषेचा आडवेपणा. आडवेपणा काढायला विसरलात तर एक कड सपाट राहते आणि लिव्हर वाकडा होतो.

आता मोकळीक ६. डाव्या आर्कचं सेंटर आरंभबिंदूला चिकटवा, उरले ४. उजव्याचं सेंटर आडव्या अक्षावर ठेवा, उरले ३. दोन त्रिज्या आणि सेंटरमधलं अंतर दिलं की लिव्हर तयार. सेंटरांवर वर्तुळं काढली की पिनची होल झाली. एकाही रेषेला लांबी किंवा कोन द्यावा लागला नाही, तो स्पर्शिकेने ठरवला. लिव्हरच्या कडांचे कोन मोजून ड्रॉइंगवर लिहिणारे मी पाहिलेत. ते कोन दशांशात येतात आणि गोल केले की कड आर्कला नीट लागत नाही.

स्वतः आर्क आणि रेषा जोडताना दोन्हींची टोकं निवडून टी दाबा. नुसत्या कडा निवडल्या तर स्पर्शिका होते, पण टोकं जुळलेली असतीलच असं नाही. दिसायला सगळं बंद, आतून फट. पॅड करताना आकृती बंद नाही अशी तक्रार आली तर कारण बहुधा हेच. स्केचच्या मेन्यूत स्केच तपासण्याचं टूल आहे, ते अशा सुटलेल्या जोडण्या शोधून देतं.

फाईल कटिंगला पाठवताना

स्केच बंद करा, पॅडने ८ मिलिमीटर जाडी द्या आणि पट्टी सगळ्या बाजूंनी फिरवून पाहा. दोन स्लॉट आणि चार होल आरपार दिसली म्हणजे आकृत्या बंद आहेत. मग डावीकडच्या यादीत स्केच निवडा, पॅड नव्हे, आणि एक्स्पोर्टमधून डीएक्सएफ करा. निळा चौकोन आणि मापं त्यात जात नाहीत, जायला नकोतच.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा आणखी कुठे कापायला द्याल तिथे फाईलसोबत चार गोष्टी लिहून द्या: एकक मिलिमीटर, मटेरियल एमएस (माइल्ड स्टील), जाडी ८, नग किती. शिवाय एक पडताळणीचं माप, उदाहरणार्थ बाहेरची लांबी १८०. फाईल त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर तिथे ७.०९ दिसलं तर ती इंचात गेली आहे हे कापण्याआधी कळतं.

आणि पाठवण्याआधी मोटर बसवणाऱ्या फिटरला विचारा की मोटरच्या बोल्टांना खालून नट लावायला जागा आहे का. पट्टी फ्रेमवर टेकून सरकते, त्यामुळे नट खाली आले तर ती बसणारच नाही. जागा नसेल तर पट्टीतच एम८ चे आटे पाडावे लागतील, आणि मग लेझरने १० चं होल कापून चालणार नाही. टॅपसाठी ६.८ हवं. एका वर्तुळाचा व्यास बदला, बाकी तीन सोबत बदलतील, आणि डीएक्सएफ पुन्हा काढा.